सुरगाठीचा व्हरांडा

आधी माफी मागतो. मंडळाच्या दिवाळी अंकात लिहिणारे काका-काकू वर्षानुवर्षं लिहिताहेत, आणि त्यांच्या पंगतीत मी असा मध्येच पाट मांडून बसतोय. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तिथंही अजून मागच्या बाकावरच बसतो. मिरज सुटलं तेव्हा मी तिसरीत होतो. त्यानंतरचं माझं मराठी म्हणजे आईचं बोलणं आणि रविवारच्या शाळेतला फळा. त्यात ज्या घराबद्दल लिहायचं म्हणतोय ते आमचं कधीच नव्हतं. भाड्याचं होतं. ‘वारसा’ हा शब्दसुद्धा मी लहानपणी फक्त शेताच्या भांडणात ऐकलेला. तेव्हा एखाद्या घराच्या वारसामोलाबद्दल मी काही लिहावं हे जरा जास्तच आहे. पण गेल्या महिन्यात त्या घराच्या पायरीवर उभा होतो आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये.

घर अमेरिकेतल्या सनीव्हेलमध्ये, रेल्वेच्या रुळांपासून फार लांब नाही. आजूबाजूला आता काचेच्या इमारती झाल्यात. त्यांच्या मध्ये हे बसकं, तपकिरी-हिरवं घर, डोक्यावरची टोपी कपाळावर ओढून बसलेल्या म्हाताऱ्यासारखं. छप्पर उतरतं आणि भिंतींच्या पुष्कळ बाहेर आलेलं. छपराखालून वाशांची टोकं उघडीच बाहेर डोकावतात, कुणी ती झाकायची तसदी घेतलेली नाही. पुढं व्हरांडा. व्हरांड्याचे खांब खाली रुंद आणि वर निमुळते, विटांच्या चौथऱ्यांवर बसवलेले. या पद्धतीच्या घराला इथं क्राफ्ट्समन बंगलो म्हणतात हे मला फार नंतर कळलं. आईला ‘बंगलो’ एवढंच कळलं होतं, आणि तिनं ते पहिल्याच आठवड्यात मिरजेला फोन करून सांगून टाकलं.

“बंगल्यात राहतो आम्ही,” ती म्हणाली. त्यानंतर गल्लीत सगळ्यांनी आमचं काय चित्र रंगवलं असेल कोण जाणे. आम्ही राहत होतो दोन खोल्यांत. मागच्या खोल्यांत घरमालक राहत होते आणि स्वयंपाकघर सामाईक होतं. आईकडून पोळ्या नेणारे पुण्याचे देशपांडे काका पहिल्यांदा आले तेव्हा पायरीशी थांबून त्यांनी घर वरपासून खालपर्यंत बघितलं. “वहिनी, बंगला म्हटल्यावर मी जरा चांगला शर्ट घालून आलो होतो, यार.”

घरमालकांचं नाव मॅन्युएल. त्यांचे आजोबा पोर्तुगालकडच्या बेटांवरून आलेले, आणि वडील इथल्या फळं डबाबंद करायच्या कारखान्यात सुतार. हे घर त्या वडिलांनी सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करत बांधलं. मॅन्युएल याच घरात जन्मले, आणि लग्न न करता इथंच म्हातारे झाले. बाबांनी त्यांना पहिल्या दिवसापासून अण्णा म्हणायला सुरुवात केली. त्यांनी एकदाच विचारलं की अण्णा म्हणजे काय. मी सांगितलं, मोठा भाऊ. त्यांनी मान डोलावली. त्यानंतर बाबांनी परसातून “अण्णा” अशी हाक मारली की ते “यो” म्हणून ओ द्यायचे.

अण्णांची अट एकच होती. घर दाखवताना त्यांनी भिंतीवरून तळहात फिरवला आणि बाबांकडं बघून हळू म्हणाले, “नो नेल्स.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “तुझ्या वडिलांना सांग, या लाकडात माझ्या वडिलांनी मारलेले खिळे पुरेसे आहेत.”

मी सांगायच्या आधीच बाबांना कळलं होतं. मिरजेला बाबा मंडपाच्या कामावर होते. लग्नाचे, गणपतीचे, पुढाऱ्यांच्या सभांचे मंडप. मंडपवाला दुसऱ्याच्या भिंतीत खिळा मारत नाही, बांधतो. त्याला उद्या सगळं सोडून न्यायचं असतं. “सांग अण्णांना,” बाबा म्हणाले, “आमच्यात खिळा नसतोच.”

त्या घराची सगळी वर्षं मला वासानं आठवतात. दार उघडलं की आधी लाकडाचा वास, जुन्या, कधीही रंग न दिलेल्या लाकडाचा, थोडा मधासारखा आणि थोडा धुराचा. त्यामागून तव्यावरच्या पोळीचा. आई पोळ्या करून द्यायची. आजूबाजूच्या अपार्टमेंटांतली इंजिनियर मंडळी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरायची आणि गळ्यातलं ओळखपत्र खिशात टाकत आमच्या व्हरांड्यात यायची. पायरीशी बुटांची रांग लागायची. बूट काढा असं आईनं कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या माणसानं काढले म्हणून दुसऱ्यानं काढले. पुढं पुढं अण्णासुद्धा स्वतःच्याच घरात शिरताना बूट काढून त्या रांगेत ठेवायला लागले.

जेवणघराच्या भिंतींना डोक्याच्या उंचीवर एक लांब लाकडी पट्टी होती, तिला वर बारीक खाच. आईनं बघितलं आणि लगेच ओळखलं. “मांडणी आहे की ही,” म्हणाली, आणि तिनं मिरजेहून आणलेली पितळी ताटं त्या खाचेत ओळीनं उभी केली. ती पट्टी खरोखरच ताटं मांडण्यासाठी केलेली असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. अण्णा संध्याकाळी आत आले आणि दारातच थांबले. त्यांची आई गेल्यापासून तिथं काही मांडलेलं नव्हतं. ते परत बाहेर गेले आणि थोड्या वेळानं परसातल्या झाडाचे टोपलीभर जर्दाळू आणून ओट्यावर ठेवले.

त्या जर्दाळूंचा आईनं साखरांबा केला. पुढं दर उन्हाळ्यात केला. घरभर वेलदोड्याचा आणि आंबटगोड फळाचा वास, आणि अण्णा पोळीला साखरांबा लावून, गुंडाळी करून, उभ्याउभ्या खाताहेत. हे दृश्य मला आता डोळे मिटून काढता येतं. अण्णांच्या मनगटावरून साखरांब्याचा ओघळसुद्धा.

आवाजही होते. खिडक्या वर सरकवायच्या होत्या, आणि खिडकी वर केली की भिंतीच्या आत काहीतरी जड, टक् टक् करत खाली जायचं. मला वाटायचं, भिंतीत कुणीतरी राहतं आणि ते जिना उतरतंय. मी अण्णांना विचारलं. त्यांनी चौकटीतली एक छोटी फळी काढून आतलं लोखंडी वजन दाखवलं, दोरीला टांगलेलं. खिडकीइतकंच वजन. म्हणून एवढी जड खिडकी एका बोटानं वर जाते आणि तिथंच थांबते. बाबा तिथंच उभे होते. त्यांनी वाकून दोरीची गाठ बघितली, बराच वेळ बघितली, आणि म्हणाले, “चांगली मारलीय. कुणी मारली?”

“माय फादर,” अण्णा म्हणाले. त्या दिवसापासून त्या दोघांची मैत्री झाली असं मी धरून चालतो. दोघांना एकमेकांची भाषा कधीच आली नाही.

गणपती आला की बाबांचे हात शिवशिवायचे. आठवडाभर ते एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासायचे. पण गणपतीच्या आधीचे दोन शनिवार-रविवार त्यांचे स्वतःचे. घरापुढं मंडप. बांबू, काथ्या, आईच्या जुन्या साड्यांची झालर. दोर मी धरायचो, गाठ ते मारायचे. “निरगाठ नको,” ते सांगायचे, “सुरगाठ. शेपूट ओढलं की सुटणारी. मंडप बांधताना सोडायचा दिवस आधी बघायचा.” सगळं झालं की ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहायचे, मान तिरपी करून बघायचे, आणि स्वतःशीच म्हणायचे, “उभा राहिला.” तेवढं म्हटल्याशिवाय त्यांचं काम संपायचं नाही. विसर्जनानंतर सोडतानाही तसंच. बांबू काढले की जमिनीवरून चालत जायचे, पायानं माती सारखी करायचे, सुतळीचा तुकडासुद्धा उचलायचे. काल इथं काही होतं हे आज कुणाला कळता कामा नये, ही त्यांच्या उस्तादांची शिकवण.

व्हरांडा बंद केला तो एका हिवाळ्यात. इथला हिवाळा म्हणजे पाऊस आणि वारा. लोक पोळ्या न्यायला यायचे आणि अंग आवळून उभे राहायचे. अण्णा म्हणाले, बंद कर की व्हरांडा, पण खिळा नाही. बाबांनी लाकडी फळ्यांचे मोठे चौकोन केले, एकाला खिडकी ठेवली. जमीन आणि वरची तुळई यांच्या मध्ये वासे दाबून बसवले, आणि ते वासे खांबांना काथ्यानं बांधले. खांबाला दोर काचू नये म्हणून प्रत्येक दोराखाली जुन्या टॉवेलची घडी. आतून सगळ्या गाठींवर झालर. गाठ दिसलेली बाबांना आवडत नाही. बाहेरून अण्णांच्या घराला ठिगळ दिसू नये म्हणून त्यांनी घराचा रंग डबीत कालवून कालवून अगदी जुळवला. तसाच हिरवा. मग रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. त्या दिवशी अण्णाही त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

“उभा राहिला,” बाबा म्हणाले.

“उबा रायला,” अण्णा म्हणाले.

दरवर्षी गणपतीच्या आधी बाबा ते दोर सोडून नवे बांधायचे. त्या बंद व्हरांड्यात मी गृहपाठ केला, कॉलेजचे अर्ज भरले, नोकरी गेलेल्या एका दादाला आईसमोर डोळे पुसताना बघितलं, आणि रात्रपाळीहून आलेल्या एका ताईला बाकावर बसल्या बसल्या झोपलेलं. दिवाळीत आकाशकंदील पुढच्या वाशाच्या उघड्या टोकाला बांधायचो. वाशांची टोकं उघडी का ठेवलीत याचं उत्तर त्या वयात माझ्यापाशी होतं: कंदिलासाठी.

खरं उत्तर कॉलेजात मिळालं. जागा रिकामी होती म्हणून मी इमारतींच्या इतिहासाचा एक वर्ग घेतला होता. वर्गात अंधार करून प्राध्यापक बाई पडद्यावर एकेक चित्र दाखवत होत्या. राजवाडे झाले, चर्च झाली. आणि मग एकदम आमचं घर. म्हणजे आमचं नव्हे, दुसऱ्याच गावातलं, पण तेच उतरतं छप्पर, तेच निमुळते खांब, भिंतीतली ताटांची पट्टीसुद्धा. बाई सांगत होत्या, ही घरं श्रीमंतांची नव्हती. हातानं काम करणाऱ्यांनी हातानं काम करणाऱ्यांसाठी बांधलेली. जोड कुठं आहे, भार कुठं जातो, हे त्यात लपवत नाहीत. वासा वासाच दिसतो. लाकूड लाकूडच.

माझ्या छातीत काहीतरी टक् टक् करत खाली उतरलं. मला हात वर करून सांगायचं होतं की मी अशा घरात वाढलोय. पण हात वर गेला नाही. शिक्षकांच्या भेटीच्या वेळा असतात, त्या चूक केलेल्या मुलांना बोलवण्यासाठी असतात असं मला पहिलं वर्षभर वाटत होतं. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा त्या वेळेत गेलो. फोनमधली चित्रं दाखवली. बाई खुर्चीतून उठून माझ्या बाजूला येऊन बघत राहिल्या. “अजून उभं आहे?” त्यांनी विचारलं.

तेव्हा होतं. पण त्याच वर्षी, जर्दाळू पिकायच्या आधी, अण्णा गेले.

घर त्यांच्या दूरच्या राज्यातल्या पुतण्याकडं गेलं, आणि त्यानं ते एका बिल्डरला विकायचं ठरवलं. बिल्डरला घर नको होतं, जागा हवी होती. गावातल्या काही लोकांनी शहराच्या वारसा समितीकडं अर्ज केला होता की या घराची नोंद व्हावी. नोंद झाली की पाडता येत नाही. उत्तर म्हणून बिल्डरच्या सल्लागारानं एक अहवाल दिला. तो आम्हा भाडेकरूंनाही आला, आणि आईनं त्याचे फोटो मला पाठवले. अहवाल सभ्य होता. रस्त्यावरून घेतलेली चित्रं होती. सारांश असा की अशा घराचा जीव त्याच्या व्हरांड्यात असतो. या घराचा व्हरांडा भाडेकरूंनी कायमचा बंद करून टाकला आहे. मूळ रूप नष्ट झालेलं आहे. जपण्याजोगं काही उरलेलं नाही.

मी वाचलं आणि मला हसू आलं. कायमचा! मग बाबांना फोन केला आणि हसू गेलं.

“आपल्यामुळं चाललंय अण्णांचं घर,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. “त्यांनी एक गोष्ट सांगितली होती. घराला धक्का लावू नको. आणि आपण शेड ठोकल्यावानी करून ठेवलं.”

“बाबा, ठोकलं कुठं? बांधलंय.”

“लोकांना काय दिसतं ते बघ की. रंग मीच लावला ना जुळवून? एवढा जुळवायची काय गरज होती मला.”

मागून आई म्हणाली, “अहो, सुंदर दिसावं म्हणूनच केलंत ना?”

“तेच तर म्हणतोय,” बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

वर्गात बाईंनी एक गोष्ट सांगितली होती. वास्तूवर नंतर चढवलेली जी वस्तू काढली की खालचं सगळं जसंच्या तसं निघतं, तिला नाश म्हणत नाहीत. मी समितीच्या सभेला गेलो. देशपांडे काकांनी गाडीतून नेलं आणि वाटेत मला दोनदा विचारलं की बाथरूमला जायचंय का. बोलायची वेळ आली तेव्हा मी लिहून आणलेलं सगळं विसरलो. मायक्रोफोन माझ्या तोंडापेक्षा खाली होता. मी वाकलो आणि एवढंच म्हणालो, “व्हरांडा बंद केलेला नाही. बांधलेला आहे. दोरीनं. माझ्या वडिलांनी. खिळा नाही एकही.”

समितीच्या अध्यक्ष बाईंनी चष्मा वर केला. “दोरीनं?”

“हो मॅडम. सोडता येतो.”

बिल्डरच्या वकिलानं सांगितलं की इतकी वर्षं उभं असलेलं बांधकाम दोरीवर असू शकत नाही. बाई माझ्याकडं बघत होत्या. मी सांगितलं, आमची भाड्याची मुदत याच महिनाअखेरीस संपतेय, आणि आम्हाला आमचं सामान घेऊन जायचंय. “मग व्हरांड्यावरचं हेही तुमचंच सामान ना?” त्या म्हणाल्या. “न्याल तेव्हा आम्ही बघायला येऊ. मतदान नंतर घेऊ.”

आणि म्हणून गेल्या महिन्यात मी त्या पायरीवर उभा होतो. आतल्या खोल्या रिकाम्या झालेल्या. ताटं खोक्यांत. खाचेवर धुळीच्या गोल रेषा, जिथं ताटं टेकायची तिथं. पण दार उघडलं तेव्हा वास होता तोच. मधाचा, धुराचा आणि खाली कुठंतरी पोळीचा.

समितीच्या अध्यक्ष बाई आणि आणखी दोघं आले होते. वकील होता. देशपांडे काका रजा टाकून आले होते, आणि त्यांच्यासोबत जुनी पोळीमंडळी, आता पोटं सुटलेली, मुलांना घेऊन आलेली. सगळ्यांनी पायरीशी बूट काढले. अध्यक्ष बाईंनी ती रांग बघितली आणि त्यांनीही काढले. वकिलानं काढले नाहीत, मग जरा वेळानं काढले. एका काकूंची अमेरिकेत जन्मलेली मुलगी आईला विचारत होती, “व्हाय इज एव्हरीवन सो सीरियस?” काकू म्हणाल्या, “शूऽ. बघ आता.”

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. चेहरा आजारी माणसासारखा. त्यांनी आधी झालर काढली, घडी केली, आईच्या हातात दिली. मागं गाठी. एकाखाली एक, सगळ्या एकसारख्या, शेपूट डावीकडं. कुणीतरी “ओह” म्हणालं. बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी वर्षानुवर्षं जिथं दोर धरायचो तिथं जाऊन उभा राहिलो. त्यांनी शेपूट ओढलं.

सर्रकन आवाज झाला आणि गाठ नव्हतीच.

मग दुसरी. तिसरी. वासा सैल झाला, तो मी पेलला. पहिला चौकोन खाली उतरला आणि व्हरांड्यात ऊन आलं. इतक्या वर्षांत ज्या फरशीवर ऊन पडलं नव्हतं तिथं ते पट्ट्यापट्ट्यांनी पसरत गेलं. बाबांचे हात आता आजारी नव्हते. ते मिरजेचे हात होते. दोर गुंडाळत, वासे एका बाजूला रचत, एकही हालचाल वाया न घालवता ते पुढं सरकत होते, आणि देशपांडे काकांसकट सगळी इंजिनियर मंडळी मुकाट चौकोन उचलून परसात नेत होती. शेवटचा चौकोन निघाला तेव्हा घरानं टोपी मागं सारून वर बघितल्यासारखं झालं.

अध्यक्ष बाई पुढं आल्या. त्यांनी खांबाभोवतीची टॉवेलची घडी स्वतः काढली. खाली लाकूड, ओरखडा नसलेलं. दुसरा खांब. तिसरा. त्या बोटांनी चाचपत होत्या, वाकून बघत होत्या. आणि मग वरच्या तुळईपाशी त्या थांबल्या.

“इथं खिळा आहे,” त्या म्हणाल्या.

वकील लगेच पुढं आला. मी बाबांकडं बघितलं. मला वाटलं, झालं. बाबांनी मात्र वर बघितलंसुद्धा नाही.

“तो अण्णांच्या वडिलांचा,” ते म्हणाले. “सांग त्यांना. अण्णांच्या आईचा दिवा टांगायचा होता तो. मला अण्णांनी दाखवलेला. मी त्याला कधी वापरला नाही. कंदील पलीकडं वाशाला बांधायचो.”

मी सांगितलं. बाईंनी शिडी मागवली, चढल्या, खिशातून भिंग काढलं. खिळ्याच्या डोक्यावर रंगाचे थर होते, एकावर एक, आणि सगळ्यांत वरचा थरसुद्धा बाबांनी कालवलेल्या हिरव्याच्या कितीतरी आधीचा, उडत चाललेला. त्या शिडीवरून उतरल्या. बाबांसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, “हे तुम्ही कुठं शिकलात?”

“मिरज,” बाबा म्हणाले. एवढं त्यांना कळलं होतं.

आईनं थर्मासमधला चहा दिला आणि पोळ्यांची चळत उघडली. शेवटच्या साखरांब्याची बरणी होती. वकिलानंही पोळी खाल्ली. त्याच्याही मनगटावरून ओघळ आला.

सगळे गेल्यावर बाबा उघड्या व्हरांड्यातून एकदा चालले. फरशीवरून सुतळीचे तुकडे उचलले. दोर डोक्याखाली घेऊन जरा वेळ तिथंच आडवे झाले, मंडप सोडल्यावर मिरजेला व्हायचे तसे. मग रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. मीही गेलो. मान तिरपी करून त्यांनी बराच वेळ बघितलं, पण ते ठरलेले शब्द म्हणाले नाहीत. “मत पडू दे,” म्हणाले.

घर राहिलं तरी आम्ही तिथं राहणार नाही हे ठरलेलंच आहे. आई-बाबा आता अपार्टमेंटमध्ये आहेत, तिथं भिंतीला मांडणी नाही आणि खिडक्या आडव्या सरकतात. कधी अभ्यासाच्या खोलीत खिडकीशी बसलो की मी अजून कान देतो, आत काही उतरतंय का म्हणून.

इथवर लिहून संपादक काकूंना पाठवायचं ठरवलं होतं. मतदान आज होतं, आणि माझी परीक्षाही आजच. वर्गातून बाहेर आलो तेव्हा फोनवर बाबांचे बरेच कॉल येऊन गेलेले. मी जिन्यातच बसलो आणि लावला.

“उभं राहिलं,” बाबा म्हणाले.

मागं गलका होता. देशपांडे काकांनी फोन ओढून घेतला. “अरे, सगळे बाजूनं, यार. एकूण एक. नोंद झाली. आता कुणाचा बाप पाडू शकत नाही. आणि ऐक, नोंदीत काय लिहिलंय ते वाचतो. ‘पुढचा व्हरांडा: मूळचा, कोणताही बदल न झालेला.’ ”

मग पुन्हा बाबा. आधी नुसता धापा टाकल्यासारखा श्वास ऐकू आला. मला वाटलं, रडताहेत की काय. पण ते हसत होते, आतल्या आत, जसे अण्णांच्या सोबत खांदे हलवून हसायचे तसे.

“ऐकलंस का,” ते म्हणाले. “बदल न झालेला म्हणे. इतकी वर्षं राहिलो आपण तिथं, पोरा, आणि कुठंच खूण नाही आपली. एकसुद्धा नाही. असा मंडप मी मिरजेलासुद्धा सोडला नव्हता.”